सांगितलेलं लक्षात राहिलं, तरच झोपेचा उपचार लागू पडतो



गटाची पंचसूत्री सांगा, असं तुम्हाला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी तुम्ही धडाधड सांगाल. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. एकही चुकणार नाही.

आता दुसरा प्रश्न. मागच्या खेपेला दवाखान्यात गेलात, तेव्हा डॉक्टरांनी काय काय सांगितलं होतं? गोळी सकाळची की रात्रीची, तेवढं आठवेल. खाण्यापिण्याचं काय सांगितलं? पुन्हा कधी यायचं? काय त्रास झाला तर लगेच यायचं? इथं आपण अडखळतो.

यात लाजण्यासारखं काही नाही. सगळ्यांचंच असं होतं. नेदरलँडमधले अभ्यासक रॉय केसेल्स यांनी २००३ साली या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. दवाखान्यात सांगितलेल्या माहितीतली ४० ते ८० टक्के माहिती आपण लगेच विसरतो, आणि जी आठवते त्यातलीही जवळपास निम्मी चुकीची आठवते, असं त्यांनी लिहिलं आहे.

ताप-खोकल्याला हे चालून जातं. सूचना विसरल्या तरी गोळी पोटात गेली की ती आपलं काम करते. पण काही उपचार असे असतात की त्यात सांगितलेली गोष्ट हेच औषध असतं. ते विसरलं, म्हणजे औषधाची बाटली वाटेतच सांडली. झोप येत नाही म्हणून समुपदेशकाकडे जो उपचार घेतात, तो अगदी असाच आहे. म्हणून या अंकात त्याबद्दल लिहिते आहे.

"मॅडम चांगल्या बोलल्या"

दिंडोरी भागातल्या आपल्या एका गटातल्या ताईंची गोष्ट आहे. त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे, पण नाव-गाव लिहीत नाही. सहा-सात महिने त्यांना धड झोप नव्हती. रात्री अकराला पाठ टेकायची, दोनपर्यंत कूस बदलायची, चारला उठायचं, कारण पाचला द्राक्षाच्या कामाला न्यायला पिकअप यायची. दिवसभर डोकं जड, कामात लक्ष नाही, जेवण जात नाही, बोलता बोलता रडू यायचं. गटाच्या हिशोबातही चुका व्हायला लागल्या, तेव्हा सचिवताईंच्या लक्षात आलं. मानसोपचार डॉक्टरांनी उदासीचा आजार, म्हणजे डिप्रेशन, असल्याचं सांगितलं. गोळ्या सुरू केल्या आणि झोपेसाठी समुपदेशकांकडे पाठवलं.

मी सोबत गेले होते. ताईंनीच "तू पण आत ये" म्हटलं, म्हणून आत बसले. पाऊण तासात समुपदेशक मॅडमनी खूप माहिती दिली. मी वहीत मोजलं, अकरा गोष्टी सांगितल्या. सगळ्या बरोबर आणि कामाच्या.

परत येताना एसटीत मी विचारलं, "ताई, काय काय करायचं सांगितलं आपल्याला?"

त्या जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम चांगल्या बोलल्या. टेन्शन घेऊ नका म्हणाल्या. आणि चहा कमी करा."

अकरातली एक गोष्ट राहिली होती. आणि "टेन्शन घेऊ नका" असं तर मॅडम म्हणाल्याच नव्हत्या.

घरी सासूबाईंनी विचारलं, डॉक्टरनं काय दिलं? सांगण्यासारखं काही आठवेना. सासूबाई म्हणाल्या, "नुसतं बोलायला एवढं भाडं घालून जायचं?" पुढच्या खेपेला त्या गेल्याच नाहीत. दोष सासूबाईंचा नाही. हातात पिशवी नाही, गोळी नाही, आणि तोंडातही सांगायला काही नाही, तर उपचार झाला हे कुणाला कसं पटणार?

आणि मी तरी काय वेगळं करत होते? समाजकार्याचं शिक्षण घेऊन नवीन नवीन कामाला लागले, तेव्हा मी आरोग्याच्या प्रशिक्षणात एका दमात पंधरा मुद्दे सांगायचे. शेवटी विचारायचे, "समजलं का?" सगळ्याजणी म्हणायच्या, "हो." महिन्यानं विचारलं तर चहा-बिस्किटं चांगली होती एवढंच आठवायचं. "समजलं का" या प्रश्नाला "हो" हेच उत्तर असतं, हे मला उशिरा कळलं.

झोपेचा उपचार म्हणजे नेमकं काय?

झोप येत नाही म्हटलं की आपल्याला झोपेची गोळीच आठवते. पण महिनोन् महिने झोप नसेल, तर गोळीच्या आधी वेगळा उपचार द्यावा, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं. या उपचारात आपल्या सवयी आणि विचार हळूहळू बदलायला शिकवतात. साधारण चार ते आठ भेटी होतात. आपल्याकडे ही पद्धत नीट शिकलेले समुपदेशक शहरातही मोजकेच आहेत, पण तिच्यातल्या मुख्य गोष्टी बरेच समुपदेशक सांगतात. त्या अशा:

एक. उठायची वेळ रोज एकच. झोप किती का लागली असेना, सकाळी ठरल्या वेळी उठायचं. सुट्टीच्या दिवशीही. शरीरात एक घड्याळ असतं. उठायची वेळ आणि सकाळचा उजेड यावरून ते घड्याळ लागतं.

दोन. अंथरूण फक्त झोपेसाठी. अंथरुणात पडून हिशोब, मोबाईल, भांडणाचा विचार, उद्याची काळजी असं सगळं करत राहिलं, तर अंथरूण दिसलं की मन जागं व्हायला शिकतं.

तीन. झोप आली की मगच आडवं व्हायचं, आणि नाही लागली तर उठायचं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील असा अंदाज आला, घड्याळ बघायचं नाही, तर उठून बाजूला बसायचं. मंद उजेडात शांत काहीतरी करायचं. डोळे जड झाले की परत अंथरुणात. एका खोलीचं घर असेल तर दाराशी चटई टाकून बसलं तरी चालतं. मुद्दा अंथरूण सोडण्याचा आहे.

चार. दिवसाची झोप आवरायची. अगदीच गरज पडली तर दुपारी तीनच्या आत, अर्ध्या तासापुरती. दुपारी झोप खर्च केली की रात्रीच्या वाट्याला कमी उरते.

पाच. मनाला झोपेआधी उसंत द्यायची. काळजीचे विषय संध्याकाळीच कुणाशी तरी बोलून किंवा वहीत लिहून ठेवायचे. झोपण्याआधी तासभर मोबाईल बाजूला. संध्याकाळनंतर चहा नको, आणि रात्री मिश्रीही नको. मिश्री म्हणजे तंबाखूच. तंबाखूनं जाग येते, झोप नाही.

बघा, यात न समजण्यासारखं काहीच नाही. अवघड आहे ते रात्री दीड वाजता, डोकं भणभणत असताना, एकटीला ते आठवणं आणि करणं.

विसरणं हा आजाराचाच भाग आहे

इथं एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्या बाईला या उपचाराची सगळ्यात जास्त गरज असते, तिलाच तो लक्षात ठेवणं सगळ्यात जड जातं.

त्याची कारणं सरळ आहेत. नवी गोष्ट लक्षात राहायला आधी तिच्याकडे लक्ष लागावं लागतं. उदासीच्या आजारात मन सतत काळजीत गुंतलेलं असतं, त्यामुळे समोरचं बोलणं कानावर पडतं पण आत उतरत नाही. दुसरं म्हणजे, दिवसा शिकलेलं मेंदू रात्री झोपेत नीट लावून ठेवतो, जसं आपण दिवसभराचे पैसे संध्याकाळी मोजून वहीत लिहितो. झोपच झाली नाही तर ही नोंद कच्ची राहते. तिसरं, झोपेच्या काही गोळ्यांनीही आठवण थोडी मंदावते.

म्हणजे झोप नाही म्हणून लक्षात राहत नाही, लक्षात राहत नाही म्हणून उपचार होत नाही, आणि उपचार नाही म्हणून झोप नाही. बैल घाण्याला जुंपावा तसं हे चक्र फिरत राहतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात अ‍ॅलिसन हार्वी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक आहेत. झोप आणि मनाचे आजार यांवर त्यांचं बरीच वर्षं काम आहे. त्यांच्या गटानं एक साधा प्रश्न विचारला: उपचारात सांगितलेलं रुग्णांना खरंच किती आठवतं? ज्यांना मनःस्थिती टोकाला वर-खाली होण्याचा आजार, म्हणजे बायपोलर, आणि सोबत निद्रानाश होता, अशा लोकांवरचा त्यांचा अभ्यास २०१५ साली छापून आला. समुपदेशकांनी सांगितलेल्या मुद्द्यांपैकी या लोकांना साधारण २० ते ३७ टक्केच आठवले. म्हणजे दहा गोष्टी सांगितल्या तर दोन, नाहीतर फार तर तीन-चार. आपल्या दिंडोरीच्या ताईंचं जे झालं, तेच तिथं झालं.

म्हणून कुणी विसरली तर "हिचं लक्षच नसतं", "हिला बरं व्हायचंच नाही" असं म्हणू नका. पाय मोडलेल्या बाईला आपण "पळत का नाहीस" असं विचारत नाही.

पण हे वाचून निराशही होऊ नका. याच हार्वी मॅडमच्या गटानं गंभीर मानसिक आजार असलेल्या १२१ लोकांसोबत सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत काम केलं. आठवड्याला एक भेट, अशा आठ भेटींत झोपेचा उपचार दिला. २०२१ साली त्याचे निकाल आले. लोकांची झोप सुधारली आणि रोजच्या जगण्यातली अडचणही कमी झाली. म्हणजे मनाचा मोठा आजार असला तरी माणूस हे शिकू शकतो. फक्त शिकवणाऱ्यानं आणि सोबतच्या माणसांनी ते लक्षात राहील अशी सोय करायची.

आठ युक्त्या, आपल्या भाषेत

ही सोय कशी करायची, यासाठी त्या गटानं आठ युक्त्या सांगितल्या आहेत. त्या समुपदेशकांसाठी आहेत, पण सोबत जाणारी मैत्रीण, जाऊ, मुलगी, आशाताई कुणीही वापरू शकते. मी त्या आपल्या कामात बसवून लिहिते.

१. आधी लक्ष वेधा. "ताई, आता सांगते ती एकच गोष्ट आज घरी न्यायची आहे." एवढं म्हटलं तरी समोरची सावरून बसते.

२. गोष्टी गटवारीनं मांडा. अकरा सुट्या गोष्टी राहत नाहीत. सकाळी काय, दिवसा काय, रात्री काय, असे तीन वाटे केले की राहतात. आपण बाजाराची यादी किराणा, भाजी, दवाखाना अशी करतो, तसंच.

३. फायदा-तोटा बोलून घ्या. "उठून चटईवर बसलात तर काय होईल? पडून राहिलात तर काय होतं?" बाईनं स्वतः तोलून बघितलेलं तिला आठवतं. नुसता हुकूम आठवत नाही.

४. तिच्या घरात लावून बघा. "तुमच्या घरी रात्री उठून कुठं बसाल? लाईट लावली तर लेकरं उठतील का? शेताला रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात कसं कराल?" सल्ला घराच्या मापाचा केला की तो टिकतो.

५. पुन्हा पुन्हा सांगा. एकदा सांगून झालं, असं नसतं. पण एकाच दिवशी दहादा सांगू नका. आज, परवा, पुढच्या आठवड्यात असं सांगा.

६. तिला सांगायला लावा. माझ्या मते ही सगळ्यात कामाची युक्ती आहे. "समजलं का?" विचारू नका. "घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल, ते मला सांगून दाखवा" असं विचारा. ऐकल्यानं जेवढं पक्कं होतं, त्याहून आठवून बोलल्यानं जास्त पक्कं होतं. पंचसूत्री आपल्याला पाठ आहे ती भिंतीवर लिहिली आहे म्हणून नाही, दर बैठकीला आपण ती तोंडानं म्हणतो म्हणून.

७. खूण ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी एक टिंब: झोप लागली तर भरलेलं, नाही लागली तर पोकळ. उशाऐवजी मोबाईल स्वयंपाकघराच्या फळीवर. दाराशी चटई आधीच अंथरलेली. लिहिता-वाचता येत नसेल तरी खूण बोलते.

८. आठवलं की शाबासकी द्या. एक गोष्ट आठवली तरी "वा, बरोबर सांगितलं" म्हणा. राहिलेल्या दहा मोजू नका.

मग ताईंचं काय झालं?

दोन महिन्यांनी त्या पुन्हा तयार झाल्या. या वेळी आम्ही समुपदेशक मॅडमना आधीच विनंती केली, "आज एक-दोनच गोष्टी सांगा, आणि शेवटी ताईंकडून म्हणवून घ्या." मॅडमना ते पटलं. त्यांनी उठायची वेळ आणि चटई, एवढंच घेतलं. निघताना ताईंनी दोन्ही गोष्टी सांगून दाखवल्या. एसटीत मी पुन्हा विचारलं. घरी सासूबाईंसमोर पुन्हा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच ना? मग मी उठवते तिला चारला." उपचारात सासूबाई सामील झाल्या ते असं.

पहिला आठवडा वाईट गेला. हे मुद्दाम सांगते, कारण सवय बदलताना सुरुवातीला दिवसा थकवा वाढल्यासारखा वाटतो, आणि बायका तिथंच सोडून देतात. तिसऱ्या आठवड्यात कॅलेंडरवर भरलेली टिंबं दिसायला लागली. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार चालूच आहेत. परवा मी विचारलं, आता झोप लागते का? म्हणाल्या, "रोज नाही लागत. पण नाही लागली तर काय करायचं ते माहीत आहे, म्हणून रात्रीची भीती नाही वाटत."

इथं मात्र थांबा

झोपेच्या या गोष्टी साध्या असल्या तरी काही वेळा त्या आपल्या आपण करायच्या नाहीत.

- चालू गोळ्या स्वतःहून बंद किंवा कमी करायच्या नाहीत. झोपेच्या आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या अचानक बंद केल्यानं त्रास वाढतो. कमी करायच्या तर डॉक्टरच हळूहळू करतील.
- कुणी दोन-दोन रात्री झोपत नाही, तरी थकत नाही, भरभर बोलते, वारेमाप खर्च करते, मोठमोठे बेत आखते, तर ते बायपोलर आजाराचं लक्षण असू शकतं. तिला जागं ठेवायचं नाही. लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.
- झोपेत मोठ्यानं घोरणं, श्वास अडकल्यासारखा होणं, दिवसा बसल्या बसल्या डुलक्या लागणं, यासाठी वेगळी तपासणी लागते.
- बाळंतिणीची झोप मोडणारच. पण बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, तर आशाताईंना लगेच सांगा.
- घरात मारहाण आहे, दारूचा धिंगाणा आहे, म्हणून बाई भीतीनं जागी असेल, तर तिला झोपेची पंचसूत्री शिकवून उपयोग नाही. तिला आधी सुरक्षितता हवी. महिला हेल्पलाईन १८१ आणि तातडीला ११२.
- जगण्यात अर्थ नाही, मरून जावं, असं कुणी बोलली तर ते बोलणं उडवून लावू नका. तिला एकटी सोडू नका. घरातली औषध-फवारणीची बाटली कुलपात ठेवा. त्याच दिवशी मदत घ्या.

मनाच्या कुठल्याही त्रासासाठी सरकारची टेली मानस ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. मोबाईलमध्ये आत्ताच साठवून ठेवा. सरकारी दवाखान्यात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातूनही तपासणी आणि औषधं मिळतात. कुठं आणि कोणत्या वारी जायचं, हे आशाताई किंवा आरोग्य उपकेंद्रात विचारा.

हे काम आपलं कसं?

तुम्ही म्हणाल, आम्ही काय डॉक्टर आहोत? नाही. पण आपल्याच नाशिक जिल्ह्यात हे आधी होऊन गेलं आहे. पुण्यातल्या एका संस्थेनं २०१३ ते २०१५ या काळात जिल्ह्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प चालवला. गावातल्याच विश्वासाच्या माणसांना शिकवलं. कुणाचं मन खचलं आहे हे ओळखायचं, चार ते सहा वेळा भेटून नीट ऐकून घ्यायचं, आणि जास्त त्रास असेल तर डॉक्टरांकडे पोचवायचं. छोट्या फिल्म मोबाईलवर दाखवून विषय समजवायचे. पुढं हेच काम गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झालं. यात एका भेटीत सगळं सांगून मोकळं होणं नाही. पुन्हा भेटणं आहे, दाखवणं आहे, बोलतं करणं आहे. वरच्या आठ युक्त्यांचं सारही हेच ना?

आणि खरं सांगू का, लक्षात ठेवण्याची सोय करायला गटाइतकी चांगली जागा दुसरी नाही. आपण ठरलेल्या दिवशी भेटतो. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून मगच पुढं जातो. कुणाचा हप्ता राहिला तर मागं लागतो, आणि फेडला की टाळ्या वाजवतो. पुन्हा पुन्हा म्हणणं, आठवण करणं, कौतुक करणं हे सगळं आपल्याला येतंच. ते फक्त पैशापुरतं ठेवायचं नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. कुणाच्या आजाराची चर्चा बैठकीत करायची नाही. झोपेच्या पाच गोष्टी सगळ्यांना शिकवा, त्या सगळ्यांच्या उपयोगाच्या आहेत. पण कोणती ताई उपचार घेते आहे, हे तिनं स्वतः सांगितल्याशिवाय कुणाच्या तोंडी येता कामा नये. एकदा गावात नाव फिरलं की ती उपचारही सोडते आणि गटही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

एका सदस्येनं वरच्या पाचपैकी एकच गोष्ट वाचून दाखवायची. दोघींनी ती आपल्या शब्दांत सांगायची. तिसरीनं "माझ्या घरी हे असं करता येईल" ते बोलायचं. दहा मिनिटं पुरतात. त्याच्या पुढच्या बैठकीत आधी जुनी गोष्ट कोण सांगतं ते विचारायचं, मग दुसरी घ्यायची. पाच बैठकांत पाच गोष्टी.

आणि गटातली कुणी दवाखान्यातून किंवा समुपदेशनाहून आली, तर "काय दिलं?" असं विचारू नका. शेजारी बसा, चहा द्या, संध्याकाळच्या आतला, आणि विचारा, "काय सांगितलं, ते मला सांगता का?" सांगता सांगता तिचंच पाठ होईल.

मी पुढच्या महिन्यात तुमच्या बैठकीला येईन, तेव्हा उठायची वेळ का पाळायची ते विचारणार आहे. आणि "समजलं का" असं मुळीच विचारणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक